सेनापतीचा नकार

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जर्मनीच्या निरनिराळ्या मैदानी तोफखाना रेजिमेंटांत काही वर्षांच्या अंतराने चार तरुण दाखल झाले. विल्हेल्म कायटेल, आल्फ्रेड योडल, फ्रान्झ हाल्डर आणि लुडविग बेक अशी त्यांची नावे. चौघांनी पहिले महायुद्ध पाहिले, चौघेही पराभवानंतरच्या तुटपुंज्या सैन्यात टिकून राहिले आणि १९३८ पर्यंत चौघेही जर्मन लष्कराच्या अगदी वरच्या वर्तुळात पोहोचले. पुढे कायटेल आणि योडल यांना न्युरेंबर्गच्या खटल्यानंतर १६ ऑक्टोबर १९४६ रोजी फाशी झाली. हाल्डर छळछावणीतून जिवंत सुटले, युद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या इतिहास विभागासाठी काम करत राहिले आणि १९७२ मध्ये वारले. चौथ्याचा, म्हणजे बेक यांचा अंत २० जुलै १९४४ च्या रात्री बर्लिनमधील लष्करी मुख्यालयातच झाला. हिटलरला संपवण्याचा कट त्या दिवशी फसला होता. तो यशस्वी झाला असता तर जर्मनीचे राष्ट्रप्रमुखपद बेक यांच्याकडे जाणार होते.

त्या कटाचे नाव निघाले की स्टॉफेनबर्ग यांची बॉम्ब ठेवलेली बॅग आठवते. त्यामानाने बेक पडद्याआडच राहतात. हिटलरला तोंडावर नकार देऊन पद सोडणारा हा सेनानी, आणि ज्या सैन्याच्या बळावर हिटलरने युरोप पादाक्रांत केला ते सैन्य उभारणाराही हाच सेनानी. या दोन गोष्टी एकाच आयुष्यात कशा सामावल्या, हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना सतत समोर उभा राहतो.

लोखंडाच्या कारखान्यातून तोफखान्यात

लुडविग बेक यांचा जन्म २९ जून १८८० रोजी ऱ्हाइन नदीच्या काठी बीब्रिख या गावी झाला. हे गाव आता वीसबाडेन शहराचा भाग आहे. वडिलांचे नावही लुडविगच. ते धातुशास्त्रज्ञ आणि लोखंडाच्या कारखान्याचे चालक होते. लोखंडाचा इतिहास सांगणारा पाच खंडांचा ग्रंथही त्यांनी लिहिला. प्रशियाच्या बहुसंख्य सेनापतींची घराणी जमीनदारांची असत. बेक मात्र मध्यमवर्गीय, सुशिक्षित, पुस्तकांनी भरलेल्या घरातून आले होते. मुद्दा सर्व बाजूंनी तपासल्याशिवाय मत द्यायचे नाही ही त्यांची सवय अखेरपर्यंत सुटली नाही. ती त्यांचे बळही ठरली आणि मर्यादाही.

१८९८ मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण होताच ते पंधराव्या मैदानी तोफखाना रेजिमेंटमध्ये दाखल झाले. त्या काळी घोडदळाला मान होता, पायदळाला संख्या होती. तोफखान्याकडे हिशेबी डोक्याची माणसे वळत. पल्ला, दारूगोळा, घोड्यांची ताकद आणि रस्त्यांची अवस्था यांचा ताळमेळ बसल्याशिवाय तोफ निरुपयोगी असते. हे शिक्षण घेऊन बेक १९०८ ते १९११ या काळात बर्लिनच्या युद्ध अकादमीत शिकले आणि त्यानंतर जर्मन लष्कराचा मेंदू समजल्या जाणाऱ्या जनरल स्टाफमध्ये गेले.

पहिल्या महायुद्धाची चार वर्षे त्यांनी पश्चिम आघाडीवर निरनिराळ्या मुख्यालयांत स्टाफ अधिकारी म्हणून काढली. याच काळात त्यांच्या खासगी आयुष्यावर कायमची सावली पडली. मे १९१६ मध्ये ब्रेमेनच्या एका व्यापाऱ्याची कन्या अमाली पागेनस्टेखर हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १९१७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमाली क्षयाने गेली. बेक यांनी पुन्हा लग्न केले नाही. मुलीचा सांभाळ त्यांनी एकट्याने केला. त्यांचे उरलेले आयुष्य काम, वाचन आणि घोडेस्वारी यांतच गेले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धविराम झाला तेव्हा जर्मन युवराजाच्या सेनासमूहाच्या मुख्यालयात बेक माघारीच्या नियोजनात गुंतले होते. लाखो थकलेले सैनिक, त्यांच्या तोफा, गाड्या आणि घोडी यांना ठरलेल्या मुदतीत ऱ्हाइनपार न्यायचे होते. घरी क्रांती झाली होती, सम्राट देश सोडून गेला होता. इतर अनेक अधिकाऱ्यांप्रमाणे बेकही तेव्हा पराभवाचा दोष रणांगणाला न देता मायदेशातील क्रांतिकारकांना देत होते. ही समजूत चुकीची होती, परंतु एका संपूर्ण पिढीने ती उराशी बाळगली आणि पुढे हिटलरने तिचेच पीक काढले.

एक लाखांचे सैन्य

व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाख सैनिकांचेच लष्कर ठेवण्याची मुभा दिली. त्यात अधिकारी अवघे चार हजार. रणगाडे, लढाऊ विमाने आणि जनरल स्टाफ यांच्यावर बंदी आली. ज्या मोजक्या अधिकाऱ्यांना या सैन्यात जागा मिळाली त्यांत बेक होते. म्युन्स्टर आणि ड्रेस्डेन येथील नेमणुकांनंतर १९२९ मध्ये ते पाचव्या तोफखाना रेजिमेंटचे प्रमुख झाले.

येथेच त्यांचा नाझी चळवळीशी पहिला जाहीर संबंध आला. उल्मच्या छावणीतील तीन तरुण अधिकाऱ्यांवर सैन्यात नाझी विचारांचा प्रचार केल्याचा आरोप ठेवला गेला. १९३० च्या सप्टेंबरमध्ये लायपझिगच्या सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला. खुद्द हिटलर तेथे साक्षीदार म्हणून आला आणि आपण सत्ता कायदेशीर मार्गानेच घेऊ, असे त्याने शपथेवर सांगितले. रेजिमेंटप्रमुख या नात्याने बेक यांनीही साक्ष दिली. ती आपल्या तरुण अधिकाऱ्यांची बाजू सावरणारी होती. आरोपींना दीड वर्षाची किल्ल्यातील कैद झाली. बेक काही नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. मात्र प्रजासत्ताकाविषयी त्यांना आपुलकी नव्हती आणि त्या महिन्यातील निवडणुकीत नाझींनी मारलेली मुसंडी त्यांना सुखावून गेली होती.

याच सुमारास त्यांच्या हातून एक मोठे काम झाले. सैन्याने युद्धात कसे वागावे, आज्ञा कशा द्याव्यात, हाताखालच्यांना किती मोकळीक असावी याची नियमपुस्तिका तयार करणाऱ्या गटाचे ते प्रमुख होते. ‘ट्रुपेनफ्युरुंग’ या नावाची ही पुस्तिका १९३३ पासून लागू झाली. लष्करी विषयावरील उत्तम लेखनाचा नमुना म्हणून ती आजही अभ्यासली जाते. तिचे एक मुख्य सूत्र असे, की परिस्थिती बदलली तर अधिकाऱ्याने वरच्या आज्ञेची वाट न पाहता स्वतः निर्णय घ्यावा. चुकीच्या निर्णयापेक्षा हातावर हात धरून बसणे अधिक गंभीर मानावे. हे सूत्र राजकारणालाही लागू पडते की नाही, याचा विचार तेव्हा त्यांच्या मनात आला नसावा. पाच वर्षांनी तोच प्रश्न त्यांच्यापुढे उभा ठाकला.

ज्या हातांनी सैन्य उभारले

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. बेक यांनी या सत्तांतराचे मनापासून स्वागत केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते ट्रुपेनआम्ट या कार्यालयाचे प्रमुख झाले. तहाने बंदी घातलेला जनरल स्टाफ या साध्या नावाआड काम करत होता. १९३५ च्या मार्चमध्ये हिटलरने तहाची बंधने झुगारली, सक्तीची लष्करभरती जाहीर केली आणि ३६ डिव्हिजनांचे सैन्य उभारण्याची घोषणा केली. आडपडदा दूर झाला आणि १ जुलै १९३५ पासून बेक उघडपणे भूदलाच्या जनरल स्टाफचे प्रमुख बनले. काही महिन्यांतच त्यांना ‘जनरल ऑफ आर्टिलरी’ हा हुद्दा मिळाला. तोफखान्याच्या अधिकाऱ्याने याहून उंच जावे तरी कुठे?

एक लाखांच्या दलाचे अल्पावधीत कित्येक पटींनी मोठे सैन्य करणे ही अवघड कामगिरी होती. अधिकारी घडवणे, राखीव फौजा, युद्धसराव, रणगाडा दलाची उभारणी या सर्वांवर बेक यांची नजर होती. रणगाडातज्ज्ञ गुडेरियन यांनी युद्धानंतर त्यांना नव्या कल्पनांना खीळ घालणारे ठरवले. परंतु पहिल्या तीन रणगाडा डिव्हिजन १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये बेक यांच्याच कारकिर्दीत उभ्या राहिल्या, हेही नोंदले पाहिजे.

इशाऱ्याच्या घंटा मात्र एकामागून एक वाजत होत्या. ३० जून १९३४ रोजी हिटलरने आपल्याच पक्षातील विरोधकांचे शिरकाण केले. त्यात श्लायखर आणि ब्रेडो या दोन सेनापतींचीही हत्या झाली. सैन्य गप्प राहिले. २ ऑगस्ट १९३४ रोजी अध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले आणि त्याच दिवशी सैनिकांकडून राज्यघटनेऐवजी व्यक्तिशः हिटलरशी निष्ठेची शपथ घेवविण्यात आली. बेक यांना ही शपथ फार खटकली. तरीही त्यांनी ती घेतली आणि काम चालू ठेवले. आपण आत राहिलो तरच लष्कर शहाण्या हातांत राहील, असा त्यांचा समज होता. सत्तेच्या जवळ असलेल्या सज्जनांनी हा युक्तिवाद आजवर किती वेळा केला असेल!

१९३८ : निर्णयाचे वर्ष

५ नोव्हेंबर १९३७ रोजी झालेल्या गुप्त बैठकीत हिटलरने ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया बळाने ताब्यात घेण्याचा मनोदय सांगितला. बेक त्या बैठकीला नव्हते. तिचा वृत्तान्त वाचल्यावर मात्र ते हादरले आणि त्यांनी हिटलरच्या प्रत्येक गृहीतकाची चिरफाड करणारे टिपण लिहिले. १९३८ च्या सुरुवातीला युद्धमंत्री ब्लोमबर्ग यांना त्यांच्या विवाहाच्या निमित्ताने आणि भूदलप्रमुख फ्रिट्श यांना बनावट आरोप करून दूर करण्यात आले. हिटलरने सैन्याची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि कायटेल यांना आपल्या मुख्यालयाचे प्रमुख नेमले. मार्चमध्ये ऑस्ट्रियात शिरण्याची योजना काही तासांत तयार करण्याचा आदेश बेक यांना मिळाला. मनात शंका असूनही त्यांनी आपले सहकारी मानस्टाइन यांच्या मदतीने ती तयार करून दिली. एकही गोळी न झाडता ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाला आणि हिटलरचा आत्मविश्वास बळावला.

पुढचे लक्ष्य चेकोस्लोव्हाकिया होते. २८ मे रोजी हिटलरने तो देश नकाशावरून पुसण्याचा निश्चय सेनापतींना ऐकवला. मे ते जुलै या काळात बेक यांनी एकामागून एक टिपणे लिहिली. त्यांचा सूर नीतिपाठाचा नव्हता. तो तोफखान्याच्या अधिकाऱ्याचा होता, मोजमाप करणारा. चेकोस्लोव्हाकियावर हल्ला झाला तर फ्रान्स आणि ब्रिटन उतरतील, त्यांच्यामागे अमेरिकेची साधनसंपत्ती उभी राहील, लढाई एका सीमेपुरती न राहता महायुद्ध होईल आणि ते जर्मनी हरेल, असा त्यांचा हिशेब होता. चेकोस्लोव्हाकिया ही जर्मनीच्या दृष्टीने अडचण आहे हे त्यांनाही मान्य होते. म्हणूनच काही इतिहासकार त्यांचा विरोध उद्दिष्टाला नसून वेळेला आणि धोक्याला होता, असे म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे.

तथापि १६ जुलै १९३८ चे टिपण त्यापलीकडे जाते. सर्वोच्च पदावरील सैनिकाने केवळ सोपवलेल्या कामापुरते पाहणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय. राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागते तेव्हा आज्ञापालनाला मर्यादा असते, असे त्यांनी नवे भूदलप्रमुख ब्राउखिच यांना कळवले. त्यांनी सुचवलेला उपाय अभूतपूर्व होता : सर्व वरिष्ठ सेनापतींनी एकत्र राजीनामे द्यावेत. सेनापतीच नसतील तर युद्ध करणार कोण?

४ ऑगस्ट रोजी सेनापतींची बैठक झाली. बेक यांचा युक्तिवाद तेथे मांडला गेला. बहुतेकांना तो पटलाही. परंतु सामूहिक राजीनाम्याचा प्रस्ताव ब्राउखिच यांनी पुढे रेटलाच नाही. सगळ्यांना धोका दिसत होता. पहिले पाऊल मात्र कोणालाच टाकायचे नव्हते. १८ ऑगस्ट रोजी बेक यांनी एकट्याने राजीनामा दिला. तीन दिवसांनी तो मंजूर झाला आणि महिनाअखेरीस त्यांनी सूत्रे हाल्डर यांच्या हाती दिली.

येथे त्यांच्या हातून एक चूक झाली. आंतरराष्ट्रीय परिस्थिती नाजूक असल्याचे कारण देऊन हिटलरने राजीनाम्याची बातमी गुप्त ठेवण्यास सांगितले आणि बेक यांनी ते मान्य केले. जर्मन सैन्याचा सर्वांत जाणता सेनानी युद्धाला विरोध करून बाहेर पडला, हे ना जर्मन जनतेला कळले, ना लंडन-पॅरिसला. ३० सप्टेंबरला म्युनिकचा करार झाला आणि लढाई न करताच हिटलरला सुडेटनलँड मिळाले. बेक यांच्या निवृत्तीची घोषणा ऑक्टोबर संपताना झाली, तेव्हा त्या नकाराची धार बोथट झालेली होती. शिस्तीत वाढलेल्या माणसाने राजीनामाही शिस्तीतच दिला आणि त्यामुळेच तो निष्प्रभ ठरला.

लिख्टरफेल्डचे घर

कर्नल-जनरलचा हुद्दा घेऊन निवृत्त झालेले बेक बर्लिनच्या लिख्टरफेल्ड उपनगरातील आपल्या घरी राहू लागले. लष्करी इतिहासाचा अभ्यास आणि लेखन हे त्यांचे जाहीर आयुष्य होते. विद्वानांच्या ‘बुधवार मंडळा’चे ते सदस्य झाले. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात मोजके सोळा सभासद असत आणि प्रत्येकजण आपल्या विषयावर व्याख्यान देई. १९४२ मध्ये बेक यांनी तेथे संपूर्ण युद्धाच्या कल्पनेवर कडक टीका करणारे व्याख्यान दिले. आघाडीवर ते युद्ध तेव्हा ऐन भरात होते.

पडद्याआडचे आयुष्य वेगळे होते. लायपझिगचे माजी महापौर गोर्डेलर, मुत्सद्दी उलरिख फॉन हासेल, गुप्तचर विभागातील ओस्टर अशी माणसे या घरी येत. १९३९-४० च्या हिवाळ्यात म्युनिकचे वकील योसेफ म्युलर यांच्यामार्फत व्हॅटिकनशी संधान बांधून ब्रिटनला निरोप पाठवण्यात आले. त्यातून काही निघाले नाही. पोलंड आणि फ्रान्सच्या विजयांनी हिटलर लोकांच्या डोक्यावर बसला. आपले भाकीत खोटे ठरले, असे बेक यांना त्या काळात ऐकावे लागले असणार. प्रत्यक्षात ते खोटे नव्हते, फक्त लांबले होते. १९४१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ आणि अमेरिका दोघेही युद्धात उतरलेले होते.

पूर्वेकडील हत्याकांडांच्या वार्ता येत गेल्या, तसा या गटाच्या विरोधाचा पाया बदलत गेला. युद्ध हरण्याची भीती मागे पडून, आपल्या देशाच्या नावाने चाललेले गुन्हे थांबवण्याची निकड पुढे आली. १९४३ च्या वसंतात बेक यांच्यावर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. ती बुधवार मंडळातीलच प्रख्यात शल्यविशारद सॉएरब्रुख यांनी केली. दुबळ्या शरीराने ते पुन्हा कामाला लागले. हिटलर जिवंत असेपर्यंत सैनिक शपथेतून मोकळे होणार नाहीत, हे आता त्यांनाही पटले होते.

ती एक रात्र

२० जुलै १९४४ रोजी दुपारी पूर्व प्रशियातील मुख्यालयात स्टॉफेनबर्ग यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. संध्याकाळी बेक बेंडलर रस्त्यावरील लष्करी मुख्यालयात आले ते साध्या नागरी पोशाखात. हे लष्कराचे बंड आहे असा समज होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. हिटलर वाचल्याची बातमी आली तेव्हा अनेकांचे अवसान गळाले. बेक यांनी मात्र सहकाऱ्यांना बजावले, की तो जिवंत असो वा नसो, आपण तो मेला असे धरूनच चालायचे. फ्रान्समध्ये क्लुगे यांना फोन करून त्यांनी साथ मागितली; क्लुगे यांनी काचकूच केली आणि अखेर पाठ फिरवली. उत्तर सेनासमूहाने वेढा पडण्यापूर्वी मागे यावे, असा आदेशही बेक यांनी फोनवरून दिला. सत्ता हाती नसलेल्या त्या राष्ट्रप्रमुखाचा हा एकमेव लष्करी आदेश सैनिकांचे प्राण वाचवण्यासाठी होता. तो कोणी पाळला नाही.

रात्री पारडे फिरले. दिवसभर कुंपणावर बसलेले जनरल फ्रॉम यांनी स्वतःला वाचवण्यासाठी कटवाल्यांना अटक केली. बेक यांना त्यांच्या विनंतीवरून स्वतःचे पिस्तूल ठेवू दिले गेले. त्यांचा प्रयत्न फसला, ते गंभीर जखमी झाले आणि फ्रॉम यांच्या आज्ञेने एका सैनिकाने त्यांचा शेवट केला. स्टॉफेनबर्ग, ओल्ब्रिख्त, मेर्त्झ फॉन क्विर्नहाइम आणि हेफ्टन या चौघांना अंगणात गोळ्या घालण्यात आल्या. पाचही मृतदेह शोनेबर्गच्या दफनभूमीत पुरण्यात आले. एसएसने ते उकरून जाळले आणि राख उधळून दिली. नियोजित सरसेनापती विट्झलेबेन यांना ऑगस्टमध्ये आणि नियोजित चॅन्सेलर गोर्डेलर यांना २ फेब्रुवारी १९४५ रोजी फाशी झाली. खुद्द फ्रॉमही वाचले नाहीत. मार्च १९४५ मध्ये नाझींनीच त्यांना गोळ्या घातल्या.

बेक यांना थडगे नाही. शोनेबर्गच्या दफनभूमीत पाच नावांची एक शिळा आहे, आणि बेंडलर रस्त्यावरील त्या इमारतीत आज जर्मन प्रतिकाराचे स्मृतिकेंद्र आहे. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीने नव्या सैन्यासाठी कायदा केला. मानवी प्रतिष्ठेचा भंग करणारी आज्ञा सैनिकाने न पाळल्यास तो अवज्ञेचा दोषी ठरत नाही आणि ज्या आज्ञेने गुन्हा घडेल ती पाळताच कामा नये, असे त्यात नमूद आहे. बेक यांनी १९३८ च्या जुलैत एकट्याने मांडलेला विचार अठरा वर्षांनी कायद्यात आला.

बेक यांना निष्कलंक वीर म्हणणे कठीण आहे. पहिली पाच वर्षे त्यांनी हिटलरला हवे ते सैन्य घडवून दिले, आणि नकार दिला तोही दार लावून, कुजबुजत्या आवाजात. तरी कायटेल आणि योडल त्याच शिक्षणातून, त्याच तोफखान्यातून आले होते. आज्ञा मिळाली म्हणून केले, हा बचाव त्यांनी न्युरेंबर्गला मांडला. तो बचाव बेक यांना मांडावा लागला नाही. तोफखान्यात पहिला गोळा बहुधा लक्ष्याच्या पुढे किंवा मागे पडतो. मग हिशेब दुरुस्त करून पुन्हा मारा करावा लागतो. बेक यांनी आपला हिशेब उशिरा दुरुस्त केला, पण केला. तो उशीर किती महाग पडला, याचा हिशेब युरोपातील युद्धस्मशाने आजही देत आहेत.